साच्यातली काडी आणि डमडमची गोळी

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. मामांनी माळा साफ करायला काढला होता आणि मी मदतीच्या नावाखाली खाली उभा राहून वरून येणाऱ्या वस्तू बघत होतो. फुटका कंदील, पितळी समई, कसलेसे बाड, आणि एका पत्र्याच्या डब्यात कापडात गुंडाळलेली लोखंडी वस्तू. मला तो अडकित्ता वाटला. तशाच दोन दांड्या, तसाच बिजागरीचा खिळा. फक्त पात्याच्या जागी दोन जाड ठोकळे होते. ते मिटले की मध्ये बोटाच्या पेराएवढी पोकळी राहायची.

"अडकित्ता नाही रे बाप्पा," मामा वरूनच म्हणाले, "गोळ्या पाडायचा साचा आहे तो. आजोबांचा."

मामांचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा. चांदा जिल्ह्यातले (तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत) मालगुजार, आणि घरातल्या सगळ्या गोष्टींमधले शिकारी. त्यांच्याकडे कुणा साहेबाने जाताना विकलेली जुनी दुनळी रायफल होती. तिच्या गोळ्या ते घरीच पाडायचे. चुलीवर शिसं वितळवायचं आणि साच्यात ओतायचं, आणि पोरांनी लांब उभं राहून बघायचं.

साच्याला एक गंमत होती. ठोकळ्यांच्या मधल्या पोकळीत टोकाच्या बाजूने एक बारीक लोखंडी काडी शिरत होती. शिसं ओतताना ती आत ठेवायची आणि गोळी घट्ट झाली की काढून घ्यायची. म्हणजे गोळीच्या टोकाला एक भोक राहणार. मी मामांना विचारलं, "मामा, गोळीला भोक कशासाठी हो?"

"ती फुलते त्याने," मामा म्हणाले. "आत गेली की फुलासारखी उमलते म्हणे."

मी परत आलो तो हे एक वाक्य डोक्यात घेऊन. फुलासारखी उमलते. एवढ्या भयंकर गोष्टीला इतका गोड शब्द! मग चार महिने जे मिळेल ते वाचत सुटलो. त्याचंच हे टिपण. घरच्यांनो, शेवटी आपल्या वाघाची गोष्टही येणार आहे, तेव्हा मधला इतिहास गाळून खाली उडी मारू नका. त्या इतिहासाशिवाय ती गोष्ट मला आता सांगता येणार नाही.

आधी गोळी फुलते म्हणजे काय होतं ते. शिसं हा मऊ धातू. नखाने ओरखडा उठावा इतका मऊ. वेगात असलेली शिशाची गोळी शरीरात शिरते तेव्हा समोर येतं ते मांस आणि रक्त, म्हणजे बहुतांशी पाणीच. पाणी दाबलं जात नाही. साधी गोल टोकाची गोळी त्याला बाजूला ढकलत पुढे जाते. पण टोकाला भोक असेल तर हे पाणी त्या भोकात कोंबलं जातं, त्याला जायला जागा नसते, आणि ते आतून भोकाच्या भिंतींना बाहेर रेटतं. भिंती मऊ असतात. त्या उलगडतात, मागे वळतात, आणि गोळीला अळंबीसारखी टोपी येते. व्यास दीडपट झाला तर समोरचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. (शाळेतलं गणित, पाय आर वर्ग.) तेवढाच विरोध वाढतो. गोळी लवकर थांबते आणि जवळचा सगळा जोर आतच सोडून देते. आरपार गेलेली गोळी आपला उरलेला जोर पलीकडच्या झाडाला देते. फुललेली गोळी तो शरीरात ठेवते. भोकाचा एवढाच अर्थ.

पण हे गणित वेग आणि धातू यांच्या अगदी नाजूक तोलावर उभं असतं. वेग कमी पडला तर भोक उघडतच नाही आणि गोळी साध्या गोळीसारखी वागते. भोकात कापड किंवा केस अडकले तरी तेच. शिशात कथील किंवा अँटिमनी मिसळलं की ते कडक होतं, पण कडक धातू वळत नाही, तुटतो. मग पाकळ्या गळून पडतात. आणि वेग फार जास्त असेल, किंवा वाटेत जाड हाड आलं, तर सगळी गोळीच फुटून तिचे तुकडे होतात. अशा वेळी जखम वरवर मोठी दिसते, पण खोल जात नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता इतिहास. मला वाटत होतं की पोकळ टोकाची गोळी हा कुणा दुष्ट माणसाचा शोध असणार. तसं काही नाही. शिशाच्या गोळ्या तर शेकडो वर्षं वापरात होत्या, आणि मऊ शिसं अंगात शिरल्यावर थोडंफार चपटं व्हायचंच. मुद्दाम फुलवण्याची पहिली मोठी युक्ती निघाली ती माणसाला जास्त इजा व्हावी म्हणून नव्हे, तर बंदूक नीट भरता यावी म्हणून. ठासणीच्या बंदुकीच्या नळीला आतून पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी गरगरत सरळ जाते. पण खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून आत ठासायला फार वेळ लागतो. १८४९ च्या सुमारास फ्रेंच लष्करातल्या मिनिये नावाच्या अधिकाऱ्याने गोळीला बुडाशी पोकळी ठेवली. गोळी सैल, म्हणून सहज आत जाते. बार उडाला की धुराचा दाब पोकळीत शिरून बूड फुलवतो आणि ते खाचांत रुतून बसतं. म्हणजे पोकळी तीच, दाब तोच, फक्त टोकाऐवजी बुडाला आणि शरीराऐवजी नळीत.

ही युक्ती इंग्रजांनी १८५३ च्या एनफील्ड रायफलीत घेतली. एनफील्ड म्हटल्यावर आपल्या सगळ्यांच्या कानावर घंटा वाजते. हो, तीच ती काडतुसं. गोळी आणि दारू कागदात गुंडाळलेली, कागदाला चरबी लावलेली, आणि तो दाताने फाडायचा. जानेवारी १८५७ मध्ये या काडतुसांची कुजबूज सुरू झाली ती कलकत्त्याजवळच्या डमडम गावी. तिथे नवी रायफल शिकवायचं केंद्र होतं. तिथल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातलं पाणी मागितलं. शिपायाने जातीपायी नकार दिला. तेव्हा खलाशाने सांगितलं की लवकरच तुम्ही गाई-डुकराची चरबी दाताने तोडणार आहात, मग कसली जात राहते. ही हकीकत तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतून पुढे आली. त्या खलाशाचं नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

डमडम हे नाव फारसी 'दमदमा' वरून आलं असं सांगतात. दमदमा म्हणजे मातीचा उंचवटा, तोफांचा मोर्चा. बंगाल तोफखान्याचं मुख्य ठाणं १७८३ पासून १८५३ पर्यंत इथेच होतं. आपल्यापैकी जे कलकत्त्याला विमानाने गेलेत ते सगळे डमडमलाच उतरलेत. १९९५ मध्ये त्या विमानतळाला नेताजींचं नाव मिळालं, पण जुने लोक अजूनही 'दमदम'च म्हणतात. एकाच गावाने दोन गोळ्यांचा इतिहास पाहावा हा विलक्षण योगायोग आहे. पहिली गोळी १८५७ ची. दुसरी त्यानंतर चाळीस वर्षांनी आली, आणि तिने गावाचं नाव जगभर नेलं.

त्या चाळीस वर्षांत काय झालं? बंदुका आणखी बदलल्या. १८७० च्या दशकात इंग्रजी फौजेकडे मार्टिनी-हेन्री रायफल होती. तिची गोळी जवळजवळ ३१ ग्रॅमची, शिसं आणि थोडं कथील यांची, सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगाची. मग बिनधुराची दारू आली. तिने वेग दीडपट केला आणि गोळी लहान करता आली. पण त्या वेगाने नळीतून जाताना उघडं शिसं खाचांत खरवडून निघू लागलं. म्हणून १८८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये एदुआर्द रुबिन याने गोळीला तांब्याचं जाकीट घातलं. इंग्रजांची नवी ली-मेटफर्ड, म्हणजे आपली ओळखीची थ्री-नॉट-थ्री, हिची गोळी १४ ग्रॅमची आणि तांबं-निकेलच्या कवचातली होती.

इथे मी थबकलो. आज आपण म्हणतो की पूर्ण कवचाची गोळी ही माणुसकीची गोळी, कारण ती फुलत नाही. पण ते कवच माणुसकीपोटी आलंच नव्हतं! नळी खराब होऊ नये म्हणून आलं. दया हा त्याचा आनुषंगिक परिणाम होता. हे ज्याने लवकर ओळखलं तो स्वित्झर्लंडचाच शस्त्रवैद्य थिओडोर कोखर. (थायरॉईडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालेला तोच.) त्याने पाण्यात, जिलेटिनमध्ये, इतर अनेक पदार्थांत गोळ्या झाडून पाहिल्या. शिशाच्या गोळीने शरीरातल्या द्रवात दाब कसा उसळतो हे त्याने दाखवलं आणि लढाईत न फुलणारीच गोळी असावी असा आग्रह धरला. एक सर्जन जखमा शिवताशिवता मागे, थेट गोळीच्या कारखान्यापर्यंत गेला, हे मला फार मोठं वाटतं.

पण इंग्रजांना वायव्य सरहद्दीवर उलटी तक्रार ऐकू येऊ लागली. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत सैनिक म्हणाले की नवी गोळी पठाणाच्या आरपार जाते आणि तो तरीही धावत अंगावर येतो. जुनी शिशाची गोळी त्याला पाडायची, ही नुसती टोचते. तेव्हा डमडमच्या काडतुसांच्या कारखान्याचा अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने अगदी साधा उपाय काढला. कवच टोकापाशी थोडं आखूड केलं, जेमतेम एक मिलिमीटर. आतलं शिसं उघडं पडलं. बस्स. भोकसुद्धा नाही. शरीराला लागताच ते टोक चपटं होऊ लागे आणि कवच मागे सोललं जाई.

१८९७ साल आपण मराठी माणसं ओळखतो ते पुण्याच्या प्लेगमुळे, रँडच्या वधामुळे आणि टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यामुळे. त्याच वर्षी सरहद्दीवर मलाकंड आणि तिराहच्या मोहिमा चालू होत्या आणि तिथे ही गोळी वापरली गेली. विन्स्टन चर्चिल तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि मलाकंडला हजर होता. त्याच्या पुस्तकात तो या गोळीचं यंत्र म्हणून कौतुकच करतो. तिथेच एक नोंद सापडते, जी वाचून मी दचकलो: फौजेत या गोळीला गमतीने 'एकदम' म्हणत. डमडम, एकदम. आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. मारणाऱ्यांच्या बाजूला आपले हिंदी शिपाईही होते. मात्र त्यांच्या हातात तेव्हा जुनी मार्टिनी-हेन्रीच असे, कारण १८५७ नंतर हिंदी पलटणींना एक पिढी मागचं शस्त्र द्यायचं धोरण होतं. म्हणजे गोळी बनायची बंगालमध्ये, चालायची पठाणांवर, आणि झाडायची ती गोऱ्या पलटणींनी.

बर्टी-क्लेच्या गोळीत एक दोष होता. जाकीट बुडाशीही उघडं आणि टोकाशीही उघडं. त्यामुळे आतलं शिसं पुढे सटकून नुसतं कवच नळीत अडकून राहण्याचा धोका होता. म्हणून इंग्लंडमध्ये वूलिचच्या कारखान्यात वेगळा मार्ग धरला गेला. कवच बुडाशी जवळपास बंद, आणि टोकाला खोल भोक. हीच पोकळ टोकाची लष्करी गोळी, १८९८ ची मार्क चार. आमच्या साच्यातल्या काडीचीच सरकारी आवृत्ती म्हणा ना. तिकडे सुदानमध्ये १८९८ सालीच इंग्रज शिपाई आपल्याजवळच्या गोळ्यांची टोकं कानशीने घासत बसले होते. घरगुती डमडम!

शिकाऱ्यांना हे सगळं कधीच ठाऊक होतं. १८५० च्या दशकापासून 'एक्सप्रेस' नावाच्या रायफली निघाल्या होत्या. आगगाडीच्या वेगावरून दिलेलं नाव. गोळी हलकी राहावी म्हणून तिला टोकाला पोकळी ठेवायची. वजन कमी, म्हणून वेग जास्त. आणि पोकळी आहे म्हणून ती फुलते. हरणांसाठी ती उत्तम होती. पण सॅम्युएल बेकर, आफ्रिकेत आणि हिंदुस्थानातही खूप शिकार केलेला माणूस, त्याने १८९० मध्ये पुस्तक लिहून वाघासारख्या जनावरासाठी पोकळ गोळी नको म्हणून सांगितलं. ती जाड स्नायूंवर आणि हाडावर फुटते, आत पोचत नाही. त्यापेक्षा मऊ शिशाची भरीव गोळी घ्या, असं त्याचं म्हणणं. पणजोबांनी बेकर वाचलेला असण्याची शक्यता नाही.

आता हेग. १८९९ च्या मे ते जुलै महिन्यांत झारच्या पुढाकाराने तिथे शांतता परिषद भरली. स्फोटक गोळ्यांवर १८६८ च्या सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्याने आधीच बंदी आली होती. आता फुलणाऱ्या गोळ्यांचा विषय निघाला. ब्रिटनच्या बाजूने मेजर जनरल सर जॉन अर्डा बोलायला उभा राहिला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: सुधारलेला सैनिक गोळी लागली की थांबतो, त्याला आता आपली शुश्रूषा व्हावी असं वाटतं. रानटी माणूस तसा नसतो. तो आरपार जखमी झाला तरी भाला घेऊन येतच राहतो, आणि त्याने आता थांबायला हवं होतं हे तुम्ही त्याला समजावेपर्यंत तुमचं मुंडकं उडालेलं असतं. तेव्हा त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी.

माणसांचे दोन प्रकार, आणि त्यांना दोन प्रकारच्या गोळ्या. रशियाच्या प्रतिनिधीने उत्तर दिलं की असा भेद या परिषदेच्या भावनेला धरून नाही. अखेर २९ जुलै १८९९ ला जाहीरनामा झाला: शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरणार नाही. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले. ब्रिटनने १९०७ मध्ये सही केली.

इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण जाहीरनाम्याची पुढची ओळ वाचा. ही बंदी फक्त सह्या करणाऱ्या देशांच्या आपापसातल्या युद्धाला लागू होती. आफ्रिदी पठाण सही करायला नव्हते. सुदानचे दरवेशी नव्हते. म्हणजे अर्डा मतदानात हरला, पण त्याचा मुद्दा कागदावर शिल्लक राहिला. ज्यांच्यासाठी ती गोळी बनली होती त्यांना त्या बंदीचं काहीच संरक्षण नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी गोष्ट ही आहे. गोळी किती फुलते यापेक्षा ती कुणाच्या अंगात फुलली तर लोकांना वाईट वाटतं, हा प्रश्न मोठा होता.

आणि नावाची गंमत पाहा. परिषदेआधी डमडम गोळीविरुद्ध युरोपात खळबळ उडाली ती ट्युबिंगेनच्या प्राध्यापक ब्रुन्स या सर्जनच्या प्रयोगांमुळे. पण त्याने वापरली होती ती डमडमची गोळी नव्हतीच. ती जर्मन शिकारी गोळी होती, तिचं शिसं कितीतरी जास्त उघडं. स्कॉटलंडच्या ऑगस्टन नावाच्या सर्जनने हे तेव्हाच दाखवून दिलं. जाहीरनाम्यात डमडमचं नाव नाही. भोकाची गोळी वूलिचची. मागणी सरहद्दीवरच्या साहेबांची, परवानगी वरच्या साहेबांची. पण शब्दकोशांत नाव राहिलं ते बंगालमधल्या एका गावाचं. आपल्या खडकीलाही १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. नशिबाने 'खडकी' म्हटल्यावर कुणाला गोळी आठवत नाही, फार तर १८१७ ची लढाई आठवते. पण उलटंही होऊ शकलं असतं.

पुढचं थोडक्यात. १९१० मध्ये ब्रिटिशांनी मार्क सात ही टोकदार गोळी आणली. कवच टोकाशी पूर्ण बंद, म्हणजे नियमात बसणारी. पण कवचाच्या आत टोकाकडे हलकं अ‍ॅल्युमिनियम आणि मागे जड शिसं. त्यामुळे ती शरीरात शिरली की कोलांटी मारायची. फुलायचं नाही असा नियम होता, कोलांटी मारायची नाही असा नव्हता! १९९८ च्या रोमच्या करारात आंतरराष्ट्रीय युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरणं हा युद्धगुन्हा ठरला. २०१० मध्ये कंपालाला झालेल्या दुरुस्तीने तोच नियम देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लावला, त्या दुरुस्तीला मान्यता देणाऱ्या देशांपुरता. पठाणाला मिळायला हवं होतं ते संरक्षण कागदावर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आणि त्याच १९९८ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पोकळ टोकाच्या गोळ्या घ्यायचं ठरवलं. कारण काय, तर गोळी आरपार जाऊन पलीकडच्या वाटसरूला लागू नये. तेच भोक, तेच पाणी, तीच अळंबी. लढाईत क्रौर्य आणि गर्दीत खबरदारी. मला यात कुणाला खोटं पाडायचं नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला आणि दोन्हीकडे थोडं खरं सापडलं. फक्त गोळीच्या आकारावरून माणुसकी मोजता येत नाही एवढं पटलं.

आता आपला वाघ.

ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकाने ऐकली आहे. पणजोबांनी मचाणावरून वाघावर गोळी झाडली, ती खांद्याला लागली, वाघ नाल्यात उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी हाका करून त्याला बाहेर काढला आणि पणजोबांनी दुसऱ्या गोळीत लोळवला. त्या वाघाचं कातडं दिवाणखान्यात होतं. त्याची काचेची नजर मला लहानपणी झोपू द्यायची नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, कातड्याला कसर लागली, आणि आजीने ते एके दिवशी जाळून टाकलं.

या वेळी मामांनी साचा हातात फिरवत ती गोष्ट पुन्हा सांगितली. मधलं एक वाक्य नेहमी असायचंच, पण मी ते आजवर नीट ऐकलं नव्हतं. "हाक्यात एक गोंड माणूस वाघाने धरला. तिसऱ्या दिवशी गेला बिचारा."

आता मला पहिल्या गोळीचं काय झालं असेल ते दिसतं. दुनळी एक्सप्रेस, हलकी पोकळ गोळी, आणि समोर वाघाच्या खांद्याचं हाड. ती तिथेच फुटली असणार. वर मोठी जखम, आत काही नाही. बेकरने जे लिहून ठेवलं होतं नेमकं तेच. चिडलेला, जखमी, पण पुरता जिवंत वाघ नाल्यात रात्रभर बसला. आणि सकाळी त्या नाल्यात, हातात काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन, जो माणूस आधी उतरला तो बंदुकीचा मालक नव्हता.

हे सिद्ध करता येणार नाही. गोळी राहिली नाही, कातडंही नाही. पण काडी आहे.

मी मामांना विचारलं, "त्या माणसाचं नाव काय होतं?"

मामा थोडा वेळ गप्प राहिले. त्यांना रायफल किती रुपयांना घेतली ते माहीत आहे. वाघाची लांबी माहीत आहे, फूट-इंचांसकट. ज्या साहेबाने रायफल विकली त्याचं आडनावसुद्धा माहीत आहे. "नाव कधी कुणी सांगितलंच नाही बघ," ते म्हणाले.

सर जॉन अर्डावर रागावणं सोपं आहे. तो लांबचा, इंग्रज, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. हेगमध्ये सही करायला कोण होतं आणि कोण नव्हतं याचा हिशेब मांडताना मला मोठं न्यायी असल्यासारखं वाटत होतं. पण आमच्या घरच्या गोष्टीतही तीच यादी आहे. कुणाचं नाव ठेवायचं आणि कुणाचं नाही, हे आमच्या दिवाणखान्यातही ठरलेलं होतं.

पणजोबा वाईट नव्हते. दुष्काळात त्यांनी कोठार उघडलं होतं, हेही सगळ्यांना माहीत आहे आणि तेही खरं आहे. त्यांना त्या माणसाबद्दल काय वाटलं असेल, कोण जाणे. पण तो प्रसंग झाल्यावरही त्यांनी काडी फेकली नाही. ती साच्याबरोबर जपून ठेवलेली सापडली.

साचा आता माझ्या टेबलावर आहे. कागद दाबायला ठेवला होता, पण ते बरं वाटेना म्हणून परत डब्यात घातला. मामांना परवा फोन केला. ते म्हणाले, नाल्यापलीकडच्या टोल्यावर दोन-तीन म्हातारी माणसं अजून आहेत, पेरणीआधी एकदा जाऊन विचारून येतो. बरोबर मीही जाणार आहे. घरातल्या कुणाला यायचं असेल तर सांगा. आणि मावशी, आजीने कधी ते नाव तुझ्यापाशी उच्चारलं असेल, नुसतं अर्धवट आठवत असेल तरी, मला कळव.